'नाही' कसं म्हणायचं, तेवढं सांगा: गृहनिर्माण मंत्र्यांना एका घरमालकिणीचं खुलं पत्र

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स. न. वि. वि.

राहत्या घराखेरीज माझ्याकडे एक फ्लॅट आहे. वडिलांच्या मागे तो माझ्या नावावर झाला आणि गेली नऊ वर्षं मी तो भाड्याने देते. करारात मी 'लायसन्सर', एजंटच्या तोंडी 'ओनर', आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'ते बाहेर राहणारे'. घरमालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर चाळीचा मालक किंवा दहा फ्लॅटवाला बिल्डर येतो. आमच्यासारखे एकेका घराचे मालक कुठल्या संघटनेत नसतात, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

माझ्या धंद्याचा (धंदा म्हणायला संकोच वाटतो, पण आयकर विवरणात ते उत्पन्नच आहे) कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. मी तो वाचला आहे. कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. चुकलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम २४ सांगतं की लायसन्सची (म्हणजे घर वापरू देण्याच्या कराराची) मुदत संपल्यावर माणूस हलला नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जा, आणि त्या माणसाने ताबा देईपर्यंत करारातल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई माग. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी असे आदेश वेळोवेळी निघतात, आणि दिली नाही तर गुन्हा माझ्यावर. म्हणजे माणूस घरात कसा नोंदवायचा आणि घराबाहेर कसा काढायचा, याची तजवीज आहे. पण त्याआधी तो दारात उभा असतो, घर बघून होतं आणि मला हो किंवा नाही म्हणायचं असतं, त्या दहा मिनिटांवर तुमच्या कायद्यात एक ओळ नाही.

त्या दहा मिनिटांत मी काय करते ते सांगते, कारण ते फार शोभादायक नाही.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी घर बघायला आली. मोठ्या रुग्णालयात परिचारिका, आठवड्यातले चार दिवस रात्रपाळी. सोबत फाईल घेऊन आली होती: सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, आधीच्या दोन्ही करारांच्या प्रती. स्टेटमेंटमध्ये दर महिन्याच्या तीन तारखेला भाडं गेलेलं दिसत होतं, एकदाही चार झाली नव्हती. नऊ वर्षांत इतके चोख कागद माझ्यासमोर आले नाहीत. संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला. "सिंगल आहे? आणि रात्री येणार-जाणार? नको हो ताई, उगाच कटकट." मी वाद घातला नाही. मुलीला मेसेज केला, 'सॉरी, घर गेलं.'

घर गेलेलं नव्हतं. जाहिरात तशीच होती. आठ दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला, "फ्लॅट अजून आहे का?" आवाज मी ओळखला. तिनेही ओळखलं असावं की मी ओळखलंय. थोडं थांबून ती म्हणाली, "ताई, माझ्या कागदांत काही कमी होतं का? म्हणजे पुढच्या ठिकाणी आणेन." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

कागदांत काही कमी नव्हतं. पण तसं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

गंमत अशी की सेक्रेटरींना तो अधिकारच नव्हता. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार घर भाड्याने देताना संस्थेला कळवायचं असतं, तिची परवानगी मागायची नसते. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून संस्था घेते ते) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे तर शासनाने २००१ मध्येच ठरवून दिलं. शुल्काचा नियम आमच्या नोटीस बोर्डावर आहे. परवानगीचा नाही. त्यामुळे सगळे 'एनओसी' मागतात, सगळे देतात, आणि कोणाला घर मिळणार हे जिन्यात ठरतं.

एजंटचं तर आणखी सोपं. फ्लॅट रिकामा झाला की त्याचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "मॅडम, कुठली पार्टी चालणार नाही तेवढं सांगून ठेवा." यादी माझ्याकडून गेली की तो लोकांना माझ्या दारापर्यंत आणतच नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मी काहीबाही सांगितलं, 'फॅमिली बघा', 'बॅचलर नको', असलंच. पुढे मी काही सांगणं सोडलं, तरी त्याने स्वतःहून गाळणं सोडलं नाही. "पार्टी चांगली आहे, पण..." आणि त्या 'पण'नंतर तो फक्त आडनाव सांगतो. किती माणसं अशी आडनावावर परत गेली, मला कधीच कळणार नाही, आणि नकार मात्र माझ्या नावावर जमा. संविधानाचं कलम १५ भेदभाव करायला राज्याला मनाई करतं, आणि त्याचं दुसरं उपकलम दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते अशा ठिकाणी सगळ्यांनाच. भाड्याचं खाजगी घर त्या यादीत नाही. एजंटला हे कलम ठाऊक नसेल, पण त्याचा फायदा ठाऊक आहे.

आता माझी बाजूही ऐका. मी एवढी घाबरट का झाले?

मुलीला नाही म्हटलं, त्याच्या आधी एकाला हो म्हटलं होतं. फॅमिली, स्थिर नोकरी, आधीच्या घरमालकाची शिफारस एकदम खणखणीत. (नव्याने घर देणाऱ्यांना माझा सल्ला: सध्याच्या मालकाला विचारू नका, त्याच्या आधीच्याला विचारा. सध्याच्याला ब्याद घालवायची असेल तर तो गोडच बोलणार.) पाच महिने भाडं आलं, मग थांबलं. अकरा महिन्यांचा करार संपला, माणूस हलला नाही. कलम २४ खाली अर्ज केला. कागदावर ही झटपट प्रक्रिया आहे: समोरच्याला आधी बचाव करण्याची परवानगी मागावी लागते, नोंदणीकृत करार हाच निर्णायक पुरावा धरतात, आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण, म्हणजे आदेश कायद्याला धरून आहे का एवढंच वर तपासतात. प्रत्यक्षात समन्स बजावण्यातच चार तारखा गेल्या आणि घर हातात आलं सोळाव्या महिन्यात. दुप्पट भरपाईचा आदेश माझ्या कपाटात आहे. पैसे नाहीत.

ज्याची पन्नास घरं आहेत त्याला एक भाडं बुडालं तर दोन टक्के फटका. माझी शंभर टक्के आवक थांबली आणि त्या घराचा मेंटेनन्स, मालमत्ता कर खिशातून गेला. तेव्हापासून समोर कोणीही आलं की मी पुढच्या महिन्याच्या भाड्याचा विचार करत नाही, सोळा महिन्यांचा करते. ज्याच्याबद्दल जराही काही वेगळं वाटेल त्याला नकोच म्हणावं, अशी बुद्धी होते. घर परत मिळवणं जितकं लांबचं, तितकी मी दाराशी संशयी. परिचारिकेला नाही म्हणताना माझ्या मनात सेक्रेटरी होते, तसा हा माणूसही होता, आणि त्याची शिक्षा तिला झाली.

बरं, पारख करायची तर साधनं काय? पगाराची पावती कोणीही संगणकावर बनवतो. तिच्यावरच्या एचआरच्या नंबरवर मी एकदा फोन केला तर मागे कुकरची शिट्टी वाजली. क्रेडिट रिपोर्ट (कर्जफेडीचा पत-अहवाल) मला काढता येत नाही आणि काढता येऊ नये. अर्जदाराला मात्र प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा स्वतःचा रिपोर्ट फुकट मिळतो, तो त्याने आणला तर उत्तम, पण तो मागणं योग्य की अगोचरपणा, हे मला कोण सांगणार? न्यायालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की त्याच नावाची चाळीस माणसं निघतात. पोलिसांकडे माहिती भरली की पोच मिळते. तिला सगळे 'व्हेरिफिकेशन' म्हणतात. माणूस कसा आहे, हे त्यात नसतं.

आणि या सगळ्यात लोकांचे कागद माझ्याकडे साठतात. मध्यंतरी मोबाईलने आपणहून 'तीन वर्षांपूर्वी याच दिवशी' म्हणून फोटो दाखवले. पुतणीच्या लग्नाच्या दोन फोटोंच्या मध्ये एका अनोळखी माणसाचं पॅन कार्ड. त्याला मी घर दिलं नव्हतं, चेहराही आठवेना. शोधलं तर नाकारलेल्या चौदा जणांची आधार कार्डं सापडली, सगळी पूर्ण क्रमांकासकट. शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार मिळतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि ते मागा असं एजंटने कधी म्हटलं नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. माझ्या फोनपर्यंत तो पोचवणारं अजून कोणी भेटलेलं नाही.

म्हणून मागणं. नवं प्राधिकरण नको, आणखी एक परवाना तर मुळीच नको. एक पानाचा अर्ज ठरवून द्या, राज्यभर एकच. त्यात काय विचारता येईल ते असावं: उत्पन्न, किती जण राहणार, किती दिवसांसाठी, आधीचे दोन घरमालक. काय विचारता येणार नाही तेही त्याच पानावर ठळक छापा: जात, धर्म, लग्न झालंय का. आणि खाली नकाराचा चौकोन असू द्या, कारण लिहून सही करण्यासाठी. 'उत्पन्न अपुरं', 'आधी आलेल्या अर्जदाराला दिलं', जे असेल ते. अमेरिकेत १९७० च्या कायद्यापासून पत-अहवालावरून एखाद्याला नाकारलं तर तसं त्याला कळवावं लागतं, अहवाल कुठल्या कंपनीचा तेही सांगावं लागतं. आपल्याकडे निदान 'घर गेलं' एवढं खोटं तरी बंद होईल. सही करायची म्हटल्यावर माझ्यासारखी बाई दोनदा विचार करते, आणि सेक्रेटरींचं कारण त्या चौकोनात लिहिताच येत नाही.

स्वतः राहतो त्याच घरातली एखादी खोली देणाऱ्याला हवी तर थोडी मोकळीक द्या. अमेरिकेच्या १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने मालक स्वतः राहत असलेल्या चार बिऱ्हाडांपर्यंतच्या इमारतीला अशी सूट दिली, पण 'अमक्यांना नको' अशी जाहिरात करायला त्यालाही बंदी ठेवली. एवढी रेघ आपल्यालाही ओढता येईल.

अर्जाबरोबर आलेले कागद नकारानंतर महिन्याभरात पुसायचे, असा नियम करा. आणि कलम २४ च्या अर्जाचा निकाल ठरावीक मुदतीत लागेल, समन्स फोनवरही बजावता येईल, एवढं पाहा. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायद्याला (राज्यांसाठीच्या नमुन्याला) मंजुरी दिली, त्यात घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. चांगली गोष्ट आहे, पण घर परत मिळण्याची खात्री न देता डिपॉझिट कमी केलंत तर आमच्यासारखे मालक दारातच आणखी कडक होतील, किंवा कुलूप लावून बसतील. मीही त्या सोळा महिन्यांनंतर घर पाच महिने रिकामं ठेवलं होतं.

माझा सध्याचा भाडेकरू येत्या महिन्याअखेर जातोय. काल एजंटचा मेसेज आला, 'मॅडम, या वेळी कुठली पार्टी नको?' दोन निळ्या खुणा गेल्या आहेत. उत्तर अजून दिलेलं नाही.

आपली,
एक घरमालकीण