टी ला बाहेर काढू नका रे

बाळा,
परवा फोनवर तू म्हणालास ना, की तुमच्या ग्रुपमधली काही मुलं म्हणतायत एलजीबीटीमधलं एलजीबी, म्हणजे लेस्बियन, गे, बायसेक्शुअल, वेगळं आणि टी, म्हणजे जन्मावेळी ठरवलेलं लिंग आपलं न वाटणारी ट्रान्स माणसं, वेगळं करा, आपला प्रश्न कोणावर प्रेम करतो हा, त्यांचा प्रश्न आपण कोण आहोत हा, मग एकत्र कशाला. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

दोन गोष्टी वेगळ्या आहेतच, ट्रान्स माणूस गे असतो, स्ट्रेटही असतो. पण मला सांग, शाळेत पोरं तुला का छळायची? तुला कोण आवडतं हे त्यांना कुठे माहीत होतं. तुझी चाल, तुझा आवाज, हातवारे करत बोलणं, यावरून बायल्या म्हणायचे. मुलाने मुलासारखंच वागायचं हा जो लोकांचा हट्ट आहे ना, त्याचाच मार तू खाल्लास आणि तोच ट्रान्स लोक जन्मभर खातात.

आणि हे आजचं नाहीये. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राइडच्या, म्हणजे एलजीबीटी लोकांच्या हक्कांच्या, सभेत सिल्व्हिया रिव्हेरा ही ट्रान्स कार्यकर्ती स्टेजवर गेली तर समोरच्या आपल्याच लोकांनी हुर्यो उडवली, आणि ती घसा फोडून सांगत होती की तुरुंगात मार खाणाऱ्या आपल्या माणसांसाठी तुम्ही काय करताय. हीच ती बाई, जिने मार्शा जॉन्सन या मैत्रिणीबरोबर घरातून हाकललेल्या पोरांना आसरा दिला, दोघी रस्त्यावर धंदा करून भाडं भरायच्या. मला हे वाचून फार राग आला, अजून येतो.

२००७ ला अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या बिलातून ट्रान्स लोकांना गाळलं, का तर म्हणे तसं लवकर पास होईल. एका सभागृहात झालंही, पण कायदा काही झाला नाही. मग २०२० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकाच निकालात दोन गे पुरुषांना आणि एमी स्टीफन्स या ट्रान्स बाईला न्याय दिला, कारण तिघांनाही कामावरून काढण्याच्या मुळाशी लिंगावरून केलेला भेदभावच होता. एमी निकालाच्या महिनाभर आधी गेली रे. तिच्या केसचा फायदा तुझ्यासारख्या मुलांनाही झाला, हे त्या मुलांना सांग, भांडू नकोस पण सांग.

आणि तुमच्या ग्रुपमध्ये ती ट्रान्स मुलगी आहे ना, हे सगळं तिच्यादेखत चाललं होतं. नंतर तिला कोणी फोन केला का? नसेल तर तू कर, आजच कर.

तुझी आई