बाबांचा हात राहू दिलात, त्याबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

बाबांची मान किती वळते, कलते हे मोजायला तुम्ही दोन सेन्सर काढलेत, एक कपाळाला आणि एक छातीच्या हाडावर, तेव्हाच जीव भांड्यात पडला. आधीच्या ठिकाणी कपाळावरचा एकटाच होता. मानेबरोबर धडही वळतं. ते वजा केलं नाही तर धडाचे अंशही मानेच्या नावावर चढतात. शिवाय "सरळ बघा" म्हणून मान असेल तिथेच शून्य धरलं. अहो, मानेचे स्नायू आपोआप ओढले जातात आणि सरळ बघता येत नाही, हाच तर बाबांचा आजार, सर्व्हायकल डिस्टोनिया! वाकड्या मानेला शून्य म्हटलं की वाकडेपणा अहवालातूनच गायब. तुम्ही डोकं हलकेच मध्यावर आणलंत, नाक आणि छातीच्या हाडावरची खाच एका रेषेत पाहिलीत, मग शून्य घेतलंत.

लोखंडी खुर्ची सारून लाकडी स्टूल दिलंत, तेही लक्षात आहे. मान किती झुकली, किती कलली हे सेन्सरला गुरुत्वाकर्षणावरून कळतं. डावी-उजवीकडे वळण्याला तो आधार नाही. वळण्याचा वेग टिपणाऱ्या जायरोस्कोपचा आकडा मिनिटागणिक सरकतो आणि तो सावरायला ठेवलेल्या मॅग्नेटोमीटरला, म्हणजे होकायंत्रासारख्या चुंबकीय सेन्सरला, जवळचं लोखंड चकवतं.

पण हे पत्र हातासाठी आहे. बाबांनी सवयीने दोन बोटं गालाला लावली. याच बोटांवरून आधी "हात खाली, नाटकं नकोत" ऐकून घेतलं होतं. बोटांनी मान ढकलली जात नाही, नुसत्या स्पर्शाने ओढ सैल पडते. या आजाराला गुण देणाऱ्या टॉरंटोच्या मोजपट्टीत, तीव्रतेच्या ३५ गुणांत, स्पर्शाच्या या युक्तीचा वेगळा रकाना आहे. तो तरी वाचायचा होता. तुम्ही म्हणालात, "राहू द्या काका, आधी हातासकट घेऊ." मग हात खाली, डोळे मिटून, दुसरी नोंद. अहवालात कोणता हात, गालावर कुठे, तेही लिहिलंत. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा न ओशाळता बसले होते.

त्या मोजपट्टीवर डोळ्यांनी गुण देताना मान २३ अंश वळलेली असो की ४५, पायरी एकच. स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनमच्या इंजेक्शननंतर ४४ची २५ झाली तरी गुण हलत नाही, आणि "फरक नाही" असा शेरा पडतो. आता निदान आकडा हातात आहे.

बोट्युलिनमचा असर साधारण १२ आठवडे टिकतो. पुढच्या डोसाआधी येऊच. स्टूल तेच ठेवा, आणि शून्य तुम्हीच घ्या.

आपला,
काकांचा मुलगा