मंत्री साहेब, पाठीवर मारलं तर कायदा आहे, पोटावर मारलं त्याचं काय?

मा. कामगार मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार. 6 जानेवारीला दर्पण दिनाच्या तुम्ही आमच्या पेपरात पाऊण पान शुभेच्छा दिल्यात, त्याबद्दल आधी आभार. ती जाहिरात पानावर मीच लावली होती. आदल्या रात्री साडेदहाला तुमच्या पीएचा फोन आला की साहेबांचा फोटो जरा वर घ्या, बाळशास्त्री जांभेकर थोडे खाली गेले तरी चालतील. घेतला वर. दुसऱ्या दिवशी पत्रकार दिनाच्या कार्यक्रमात तुम्ही माईकवर म्हणालात, मी मंत्री आहे तोवर एकाही पत्रकाराची नोकरी जाऊ देणार नाही. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर नवव्या दिवशी आमची आवृत्ती बंद झाली.

बंद म्हणजे काय झालं ते सांगतो, कारण तुमच्यापर्यंत 'रिस्ट्रक्चरिंग' एवढाच शब्द पोचला असेल. दुपारी हेड ऑफिसहून एचआरचे दोघं आले. दिवाळी अंकाचे उरलेले गठ्ठे पडलेले असतात त्या खोलीत एकेकाला बोलावलं, मोबाईल बाहेर ठेवायला लावला. टेबलावर राजीनामा टाइप करून तयार, पेनसुद्धा त्यांचंच. सही केली तर दोन महिन्यांचा पगार आणि फुल अँड फायनल, नाही केली तर टर्मिनेशन, मग बसा कोर्टात. राजीनाम्यात लिहिलेलं 'वयक्तिक कारणास्तव'. 19 वर्षं डेस्कवर काढलेली, हात थांबतो का? मी पेननं 'व' वर दोन मात्रा दिल्या आणि खाली सही केली. ती एचआरची मुलगी म्हणाली, सर, करेक्शन नका करू, सगळे सेम पाहिजेत. मग दुसरी कॉपी काढली, चुकीचीच, त्यावर सही घेतली.

आमच्याकडचे 14 गेले. राज्यभरात कोणी 90 म्हणतंय, कोणी 130, आता मी काही मस्टर घेऊन बसलेलो नाही, पण व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज दोन-तीन 'गुडबाय फ्रेंड्स' पडतायत त्यावरून काय ते समजा. आणि यात गावोगावचे वार्ताहर धरलेलेच नाहीत, कारण ते कधी कोणाच्या मोजणीत नव्हतेच. बातमीमागे चार पैसे आणि वर जाहिरातीचं टार्गेट.

साहेब, 2017 ला आपल्या विधिमंडळानं पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, हल्लेखोराला 3 वर्षांपर्यंत तुरुंग. चांगलं केलंत. पण आपल्याकडे म्हण उलटी आहे ना, पाठीवर मारा पण पोटावर मारू नका. तुम्ही पाठ तेवढी झाकलीत.

पोटासाठी पण कायदा होता. न्यायमूर्ती राजाध्यक्ष, आपलाच मराठी माणूस, त्यांच्या प्रेस कमिशननं 1954 ला रिपोर्ट दिला आणि 1955 चा श्रमिक पत्रकार कायदा आला. त्यात संपादकाला काढायचं तर 6 महिन्यांची नोटीस, बाकीच्या पत्रकारांना 3 महिन्यांची. मला किती मिळाली? खोलीच्या दारापासून टेबलापर्यंत चालत जायला लागतो तेवढा वेळ.

मग पेपरातल्या लोकांचे पगार ठरवणारा मजिठिया वेतन आयोग. 11 नोव्हेंबर 2011 ला अधिसूचना निघाली, फेब्रुवारी 2014 ला सुप्रीम कोर्टानं मालकांचे अर्ज फेटाळून सांगितलं की थकलेला पगाराचा फरक एका वर्षात चार हप्त्यांत द्या. तोवर आमच्याकडून आयोगाच्या 20(ज) कलमाच्या कागदावर सह्या घेऊन झालेल्या, 'आहे त्या पगारात मी समाधानी आहे'. असा माणूस तरी असतो का हो जगात, स्वतःच्या पगारावर समाधानी? 2017 ला कोर्टानं तेही स्पष्ट केलं, की त्या सहीच्या जोरावर आयोगापेक्षा कमी पगार देता येत नाही, कॉन्ट्रॅक्टवाल्यांनाही आयोग लागू आहे, पण वसुलीसाठी कामगार खात्याकडे जा. म्हणजे तुमच्याकडे! आमच्यातला एक गेला. महिन्याभरात त्याची बदली अशा राज्यात झाली जिथे आमचा पेपर मराठी आहे हेसुद्धा कोणाला माहीत नव्हतं. आम्ही बाकीच्यांनी ते बघितलं आणि गप्प पानं लावत बसलो. ही आमची पण चूक, मान्य आहे. गिरणी कामगारांच्या संपावर आम्ही दर वर्षी पुरवणी काढली, आमच्या घरातल्या कपातीची सिंगल कॉलम बातमी कुठल्याच पेपरात आली नाही, ना आमच्या ना शेजारच्या.

आता मालक कोण ते बघा. आमचा पेपर आधी एका संपादकाचा होता, मग त्याच्या मुलांचा, मग बांधकामवाल्यांनी घेतला. त्यांना पेपरची हौस नाही, ऑफिसची जागा मेन रोडवर आहे आणि पेपर हातात असला की महापालिकेत फाईल अडत नाही. एकाच मजल्यावर बसणारे आम्ही कागदोपत्री तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे नोकर होतो, मला ते पीएफच्या मेसेजवरून कळलं. धंदा आणि वृत्तपत्र वेगळं करा असं दुसऱ्या प्रेस कमिशननं 1982 लाच सांगितलंय. 2014 ला ट्रायनं, म्हणजे दूरसंचार-प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेनं, पण मीडियात येणाऱ्या उद्योगपतींवर बंधनांचा विचार करा म्हणून शिफारस केली. बंधनं राहिली बाजूला, 2022 ला एनडीटीव्ही अदानींकडे गेलं. कोणत्या पक्षाचं सरकार होतं हे विचारू नका, सगळ्यांची झाली, एकालाही ही बंधनं नको आहेत.

तोटा आहे म्हणतात. असेलही, जाहिरात मोबाईलवर गेली हे मला पण दिसतं, मी काय आंधळा नाही. पण नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रानं पेपरवाल्यांचे सरकारी जाहिरातींचे दर 26 टक्क्यांनी वाढवले आणि त्याच महिन्याच्या 21 तारखेला चार लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू करून आमचा 1955 चा कायदा गुंडाळला. कारखान्यात कपातीला सरकारची परवानगी लागायची ती 100 कामगारांची मर्यादा 300 वर नेली. मालकाला वाढ, आम्हाला वाट!

घरचं काय सांगू. होमलोनचे 7 वर्षांचे हप्ते बाकी, पोरगी बारावीला, ग्रॅच्युइटी 'प्रोसेसमध्ये' आहे. 47 व्या वर्षी उपसंपादकाला कोण घेतं, दोन ठिकाणी विचारलं तर म्हणाले रील करता येतं का. आई रोज विचारते आज सुट्टी का रे. रात्री दीडपर्यंत झोप येत नाही, इतक्या वर्षांची सवय, पान सोडायची वेळ झाली की आपोआप उठून बसतो.

मागणी फार नाही. राज्य सरकारच्या जाहिराती तुमच्याच हातात आहेत ना, मग ज्यानं मजिठियाचा फरक दिल्याचा हिशोब दाखवला त्यालाच जाहिरात द्या. आणि हे 'स्वेच्छेनं' दिलेले राजीनामे एकदा समोर ठेवून बघा, 14 जणांची वैयक्तिक कारणं एकाच दुपारी आणि एकाच चुकीच्या स्पेलिंगमध्ये कशी आली.

मागच्या आठवड्यात माझ्या फरकाचा अर्ज घेऊन कामगार कार्यालयात गेलो होतो. टेबलावरचे म्हणाले, अहो तो कायदा गेला आता, नव्याचा नमुना आमच्याकडे आलेला नाही, पुढच्या सोमवारी या. जाणार आहे. पूर्वी माझा वीकली ऑफ सोमवारचाच असायचा.

आपला,
एक माजी उपसंपादक