सिंगल बेल

चि. मनीषास,
अनेक आशीर्वाद.

आज मुक्कामी गाडी आहे. ड्रायव्हर जेवून शाळेच्या ओट्यावर आडवा झालाय आणि मी गाडीतच बसून लिहितोय. इथं रेंज फक्त देवळाच्या पायरीवर येते, आणि चार माणसांत उभं राहून फोनवर बोलावं असं हे बोलणं नाही.

तू परवा आईला जे सांगितलंस ते तिनं मला सांगितलं. होस्टेलमधल्या एकीचे दीड हजार रुपये गेले. संशय दुसऱ्या एकीवर. ती नसताना तुम्ही तिची पेटी उघडून पाहिली, त्यात काही मिळालं नाही. तरी पंधरा दिवस झाले, मेसमध्ये तिच्या टेबलाला कुणी बसत नाही. आई मला म्हणाली, "आपली मनी काही वाईट बोलली नाही हं तिला. फक्त गप्प राहिली." आईला तेवढ्यानं बरं वाटलं. मला त्या 'फक्त'नं रात्री झोप आली नाही.

रागावलो नाहीये. तो अधिकार मला नाही. का नाही, ते पुढे येईलच.

तुझी मानसशास्त्राची वही दिवाळीत घरी राहिली होती. ती मी कॅशबॅगेत घालून फिरतोय आणि मुक्कामी असलो की वाचतो. निम्मं कळत नाही, पण तो रेघांचा प्रयोग कळला. अमेरिकेतले सोलोमन ॲश, साल 1951. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, आणि सारख्या लांबीची कोणती ते सांगायचं. पोरसवदा पोरालाही जमेल असं काम. पण खोलीतली बाकीची माणसं आधीच फितवलेली, ती सगळी ठरवून एकच चुकीचं उत्तर देतात. आणि मग तो एकटा खरा माणूस, डोळ्यांसमोर रेघ असूनही, त्यांच्यात मिसळतो. चारातले तीन जण निदान एकदा तरी असे चुकले, असं तू लिहिलंयस. एकट्याला बसवून विचारलं तर जवळजवळ कुणीच चुकत नव्हतं.

मला त्यात नवल वाटलं नाही. मी रोज पन्नास-साठ माणसं घेऊन फिरतो. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत पडतात. रुमाल, टोपी, मेथीची जुडी, एकदा तर एका पायातली चप्पल. एसटीच्या कुठल्याही नियमात रुमाल नाही. तरी दारातून धक्के खाऊन आधी आत आलेला माणूस तो रुमाल बघतो आणि मुकाट पुढे सरकतो. रुमाल उचलून बाजूला ठेवणारा मी इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतका पाहिला. आणि खरं सांगू, त्या रुमालांवरच गाडी भांडणाशिवाय सुटते. म्हणून चारचौघांसारखं वागणं म्हणजे वाईटच, असं काही मी म्हणणार नाही.

वहीत पुढे मिलग्राम म्हणून दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाचं आहे ना, न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीतलं? विद्यार्थ्यांना पाठवलं, कारण न सांगता नुसतं म्हणायचं, तुमची जागा मला द्या. शंभरात अडुसष्ट जणांनी दिली किंवा सरकून घेतलं! पण मागणाऱ्या पोरांचीच अवस्था वाईट झाली, शब्द घशातून निघेनात. खुद्द मिलग्राम साहेब मागायला गेले तर त्यांचीही तीच गत. हे वाचून मी गाडीत एकटाच हसलो. कुणी लिहून न ठेवलेला नियम मोडायला छातीवर किती दगड येतो, हे त्या साहेबाला कळलं म्हणून.

आता माझं सांगतो.

1999 सालची गोष्ट. नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. बाजाराचा दिवस, गाडी खच्चून भरलेली, आणि एक बाई ओरडली, पाकीट गेलं. तिच्या मागे सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा उभा होता. शर्टाचं वरचं बटण नाही, पायात काही नाही. कुठून तरी आवाज आला, "हाऊच शे." म्हणजे हाच आहे. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण ते दोन शब्द पडले आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या, आणि मग माझ्याकडे. मी खाकीत, छातीवर बिल्ला. काय करायचं ते मी ठरवायचं होतं.

माझ्या डोक्यावर दोरी होती. एकदा ओढली की सिंगल बेल, गाडी थांबते. ब्रेक लागला असता, माणसं हलली असती, पाच मिनिटं खाली उतरून शांतपणे बघता आलं असतं. मी दोरी ओढली नाही. मी त्याच्या कानाखाली मारली.

माझा हात खाली यायच्या आत दुसरे हात आले. तू लिहिलंयस ना, मिलग्रामच्या त्या दुसऱ्या, पलीकडच्या माणसाला विजेचे धक्के द्यायच्या प्रयोगात करड्या कोटातला माणूस नुसता बाजूला बसून 'चालू ठेवा' म्हणायचा, आणि येल विद्यापीठात आलेल्या चाळीस साध्यासुध्या माणसांपैकी सव्वीस जण साडेचारशे व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. त्यांचे धक्के निदान खोटे होते. त्या दिवशी गाडीत तो कोट माझ्या अंगात होता, आणि मी नुसतं 'चालू ठेवा' म्हटलं नव्हतं, सुरुवातच करून दिली होती.

पोराचा ओठ फुटला. खिसे उलटे केले, त्यात तिकीट आणि एक कंगवा. पुढच्या थांब्यावर तो उतरला. त्याचं तिकीट त्या थांब्याच्याही पुढच्या गावचं होतं.

दोन थांबे गेले. ती बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, बाहेर बघत. गाडी जरा मोकळी झाली तेव्हा तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, पाकीट पिशवीतच हुतं. मिरच्यांखाली." मी विचारलं, कधी सापडलं? ती गप्प. तिला ते मारामारी चालू असतानाच सापडलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. वाईट बाई नव्हती ती, मनू. पन्नास माणसं तिच्यासाठी मारत होती आणि आता तिनंच म्हणायचं, थांबा?

त्या पोराला मी तिकिटामागे लिहून दिलं होतं, सहा रुपये बाकी. ते घ्यायला तो थांबला नाही. रात्री डेपोत हिशोबात सहा रुपये जास्त निघाले, ते भरून टाकले.

नंतर कितीदा मनात मोजलं. सांगताना म्हणतो आपण, सगळ्यांनी मारलं. हात टाकणारे माझ्यासकट पाच होते. बाकी पन्नास बघत होते, आणि बघणाऱ्यातला प्रत्येक जण शेजाऱ्याचं तोंड बघून ठरवत होता की हे चाललंय ते बरोबरच असणार. तुझ्या वहीतही आहे बघ, ॲशला गर्दी लागलीच नाही. तीन माणसं एका सुरात बोलली की पुरे, त्यापुढे माणसं वाढवून फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे 'सगळे' ही तीन माणसांची गोष्ट आहे. तू आईला म्हणालीस, "सगळ्याच म्हणत होत्या." सगळ्या म्हणजे किती गं? मी कंडक्टर आहे, मला डोकी मोजल्याशिवाय चैन पडत नाही. मोजून बघ.

आता 2018 चं. तू सातवीत होतीस. जून महिन्यात मोबाईलवर यायला लागलं, मुलं पळवणारी टोळी आलीय, वेश बदलून फिरते. व्हिडिओ पण यायचे. त्या वर्षी देशभर फिरलेला त्यातला एक व्हिडिओ तर कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी काढलेल्या जाहिरातीचा होता, शेवट कापून टाकलेला. हे सगळं नंतर कळलं. मला आलेला मेसेज मी तीन ग्रुपवर पुढे पाठवला, खाली लिहिलं, 'काळजी घ्या'. तू क्लासहून एकटी सायकलवर यायचीस, ते डोक्यात होतं.

1 जुलैला रविवार होता. आपल्याच साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारे म्हणून जमावानं त्यांना धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण मेले. सोडवायला आलेल्या पोलिसांवरही लोक धावून गेले. डवरी गोसावी माझ्या गाडीत कितीदा बसलेत. झोळी मांडीवर, सुट्टे पैसे मोजून देणारी माणसं.

माझा मेसेज राईनपाड्याला पोचला असेल असं नाही. पण ज्या हवेत ते झालं, तिच्यात तीन फुंकरा माझ्या होत्या. त्याच जुलैत व्हॉट्सॲपनं भारतापुरतं ठरवलं की एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. मी तीनच ठिकाणी पाठवला होता, म्हणजे मी नियमातच बसलो असतो.

हात टाकणारेही कुणी दरोडेखोर नव्हते. बाजाराला आलेली, सकाळी घरी चहा पिऊन निघालेली माणसं. घरून निघताना त्यांच्यातल्या किती जणांच्या मनात कुणाचा जीव घ्यायचं होतं? म्हणून त्यांचा गुन्हा कमी होतो असं नाही. प्रत्येकाचा हात प्रत्येकाचाच होता, माझा होता तसा.

तू म्हणशील, पप्पा, कुठे राईनपाडा आणि कुठे आमची मेस. अंतर आहेच, मोठं आहे. पण मेसमधलं टेबल रिकामं ठेवण्याला आपल्याकडे जुना शब्द आहे, वाळीत टाकणं. जातपंचायतींनी त्याच्या जोरावर घरंच्या घरं मोडली, म्हणून 2016 साली आपल्या राज्यानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. होस्टेलच्या मुलींना काही तो कायदा लावत नाहीये मी. पण ज्यांनी वाळीत टाकलं त्यांनीही कुठे हात उगारला होता? फक्त गप्प राहिले.

एसटीच्या संपात, 2021 च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत, मीही घरी बसलो ते आठवतं ना? मागणी खरी होती, पगारात घर चालत नव्हतं. पण आमच्यातले दोघं मधेच कामावर गेले तेव्हा त्यांच्या दाराला कुणीतरी बांगड्या अडकवल्या, आणि मी हसलो होतो. संपाला मी मनानं बसलो की त्या बांगड्यांच्या भीतीनं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. आपलं मत कुठलं आणि शेजाऱ्याकडून आलेलं कुठलं, हे माणसाला आतून वेगळं दिसतच नाही बहुतेक.

तुझ्या वहीत एका ओळीखाली तू स्वतःच दोनदा रेघ मारलीयस. ॲशच्या खोलीत एकच माणूस जरी खरं बोलला, तरी चुकणाऱ्यांचं प्रमाण पूर्वीच्या पाव हिश्शावर यायचं. मिलग्रामकडेही, शेजारच्या दोघांनी 'आम्ही नाही करणार' म्हटलं की चाळीसातले चारच शेवटपर्यंत गेले. परीक्षेसाठी मारली असशील रेघ. पण मारलीस तूच.

तू तिची बाजू घेऊन भांड, असं मी सांगणार नाही. पैसे तिनं घेतले की नाही, ते तुलाही माहीत नाही आणि मलाही. उद्या नाश्त्याला आपलं ताट घेऊन तिच्या टेबलाला बस. पोहे खा. काही बोलायला सुचलं नाही तर मीठ माग. पाठीमागे कुजबुज होईल, घशाशी येईल, त्या भुयारी गाडीतल्या पोरांसारखं. बसून राहा. आणि पेटी उघडली तेव्हा तू खोलीत होतीस, हे तिला तुझ्या तोंडून कळू दे, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत.

सोमवारच्या पुण्याच्या गाडीत बिबड्यांचा डबा देतोय. स्टँडवर सातच्या आत ये, ड्रायव्हरला ताटकळत ठेवू नकोस. बिबडे जरा सांभाळून ने, कडेचे मोडतात. पहाटे साडेपाचला गाडी काढायचीय, आता पडतो.

तुझे,
पप्पा

ता. क. : त्या पोराला मी मारलं, हे तुझ्या आईला माहीत नाही. लग्नाआधीचं आहे, आणि नंतर कधी जीभ वळली नाही. रविवारी घरी गेलो की सांगणार आहे. तोवर तिला फोन केलास तर तू विषय काढू नकोस.