पेरणी यंत्र घेण्याआधी एक गुंठा मोजून पाहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पेरणी यंत्रासाठी अनुदानाची पूर्वसंमती हाती पडली की कास्तकार दुकानात जाऊन पहिली चौकशी करतो ती अनुदान वजा जाता आपल्या खिशातून किती जाणार याची. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्के, इतरांना ४० टक्के, तेही ठरलेल्या मर्यादेच्या आत. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून या यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे बिल आणखी उतरले. हा सगळा हिशेब रास्तच आहे. पण यंत्र एकरी किती बी टाकते, हे दुकानात कोणी विचारत नाही आणि कोणी दाखवतही नाही. माझ्या मते यंत्र परवडते की नाही, हे त्यावरच ठरते.

सोयाबीनचे बियाणे एकरी २६ ते ३० किलो पुरते. यंत्राने एकरी दहा किलो जास्त टाकले, तर दहा एकरांत क्विंटलभर बियाणे वाया जाते, आणि तेही दरवर्षी. वरून पीक दाटते, हवा खेळत नाही, झाड उंच वाढून लोळते. उलट कमी पडले तर नांगे, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागा, भरायला मजूर कुठून आणायचे? दुकानात वाचलेले चार-पाच हजार एका हंगामात वावरात जातात.

बाजारात मुख्यतः दोन पद्धतींची यंत्रे मिळतात. एकात पेटीखाली खाचांचा रोलर असतो. तो मापाने बी सोडतो, गव्हाला उत्तम चालतो आणि किमतीलाही हलका पडतो. दुसऱ्यात तिरकी चकती असते, दुकानदार तिला इन्क्लाइंड प्लेट म्हणतात. ती एकेक दाणा उचलून टाकते आणि पीक बदलले की चकती बदलायची. आपल्याकडे सोयाबीनमध्ये तुरीचे तास, म्हणजे ओळी, असतात. चकतीच्या यंत्राला बहुधा प्रत्येक तासाची वेगळी पेटी असते, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही पिके पेरता येतात. रोलरच्या लांब पेटीत त्यासाठी आडवे पडदे घालावे लागतात. शिवाय सोयाबीनची साल फार नाजूक असते. रोलर आणि तळ यांतली फट कमी असेल तर दाण्याची डाळ होते, आणि असे बी उगवत नाही. म्हणून सोयाबीन, तूर आणि हरभरा हीच पिके असलेल्या माणसाने थोडे जास्त पैसे देऊन चकतीचे यंत्र घ्यावे, असे माझे मत आहे. कित्येक लाखांचे हवेच्या दाबावर चालणारे प्लँटर आपल्या पाच-सात एकरांच्या शेतीसाठी नाहीत. ज्याच्याकडे गहू जास्त, त्याला नऊ फणांचे रोलरचे यंत्र पुरे. नऊ इंचांवर गहू पेरायचा आणि सोयाबीनला एकाआड एक फण बंद केले की अठरा इंचांचे पाच तास मिळतात.

मोजणी अवघड नाही. अठरा इंचांवर, म्हणजे ४५ सेंटिमीटरवर पाच तास धरले तर पेऱ्याची रुंदी सव्वादोन मीटर होते. ४५ मीटर चालले की एक गुंठा झाला. यंत्राचे चाक फिरते तसे बी पडते; त्याचा घेर दीड मीटर असेल तर त्याच्या ३० फेऱ्या. यंत्र ट्रॅक्टरवर उचलायचे, प्रत्येक नळीला प्लास्टिकची पिशवी बांधायची, चाक हाताने ३० वेळा फिरवायचे आणि पिशव्या तोलायच्या. एकरी २८ किलोच्या हिशेबाने सगळे मिळून ७०० ग्रॅम भरले पाहिजे, म्हणजे प्रत्येक पिशवीत १४०. एकीत १८० आणि दुसरीत १०० निघाले, तर बेरीज बरोबर असूनही ते यंत्र घेऊ नये. पिशवीतले फुटके दाणेही पाहावेत. बियाणे मात्र आपलेच न्यावे, कारण वाणानुसार शंभर दाण्यांचे वजन १० ते १३ ग्रॅम इतके बदलते आणि दुकानातल्या नमुन्याच्या बियाण्यावर लावलेली मापाची खूण आपल्याला लागू पडत नाही. बीजप्रक्रिया केलेले बी सावलीत वाळवूनच पेटीत घालावे, ओलसर बी रोलरला चिकटते. शेतात चाक थोडे घसरते आणि बी कमी पडते, म्हणून पेरणीच्या दिवशी ४५ मीटर चालून पुन्हा एकदा तोलावे.

अनुदानाच्या यंत्राला तपासणी अहवाल लागतो, हे खरे. मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची त्यासाठीची संस्था आहे. पण तो अहवाल तपासलेल्या नमुन्याचा असतो. आपल्या दारात उतरलेले यंत्र कोणी तपासलेले नसते.

आमच्या गावात एका शेजाऱ्याच्या नव्या यंत्राच्या दोन नळ्या पहिल्याच दिवशी चिखलाने तुंबल्या. नळ्या काळ्या होत्या, बाहेरून काही दिसेना. आठवड्याने उगवण झाली तेव्हा सगळ्या वावरात दोन-दोन तास रिकामे! तोवर पावसाने दडी मारली होती, मोडून पेरायलाही सोय नव्हती. दुकानदाराने हात वर केले. पारदर्शक नळी असती तर पहिल्या धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, कळले असते. नळीच्या किमतीत असा कितीसा फरक असतो?

खताची पेटी वेगळी हवी आणि खत बियाण्याच्या खाली, बाजूला पडायला हवे, नाहीतर कोंब जळतो. काटोल-हिंगण्याकडच्या गोटाळ जमिनीत स्प्रिंगचे फण लागतात. आमच्या उमरेडकडच्या काळ्या मातीत साधे अरुंद फण चालतात, पण खोली तीन-चार सेंटिमीटरच्या पलीकडे जाऊ नये. रोलर, चकत्या आणि बुश नागपुरात मिळतात का, हे आधीच विचारावे. ऐन पेरणीत एका चकतीसाठी पंजाबातून पार्सलची वाट पाहणे परवडत नाही.

ज्याला तीन-चार एकरच आहेत, त्याने यंत्र एकट्याने विकत न घेता गटाने घ्यावे किंवा अवजारे बँकेतून भाड्याने आणावे. तेथेही मोजणी हीच.

माझी कृषी विभागाला विनंती आहे. दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक तालुक्यात एक दिवस ठेवावा. विक्रेत्यांनी यंत्रे आणावीत, शेतकऱ्यांनी आपापले बियाणे आणावे आणि सहायक कृषी अधिकाऱ्यासमोर एक गुंठ्याची मोजणी व्हावी. नागपूरच्या कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी मदतीला आले तर उत्तमच. मोजणीचा कागद जोडल्याशिवाय अनुदानाचे पैसे सोडू नयेत. आमच्या गावाने जागा, ट्रॅक्टर आणि तराजू देण्याची तयारी ठेवली आहे.

आपला,
एक कास्तकार, ता. उमरेड, जि. नागपूर