उसाची बिलं काढणारे जुने प्रोग्राम वाचल्याशिवाय बंद करू नका

मा. सहकारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणकावरच्या हिशेबाच्या) विभागातून निवृत्त झालो. पंचवीस वर्षं उसाची बिलं काढली. मी जायच्या सुमारास कारखान्यानं फॉक्सप्रो या संगणकाच्या भाषेतले जुने प्रोग्राम काढून नवी प्रणाली घेतली. त्याला माझा विरोध नव्हता. मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती 2004 साली काढली आणि जानेवारी 2015 मध्ये तिचा आधारही काढून घेतला. बदल करावाच लागणार होता. माझं मागणं एवढंच आहे की जुना प्रोग्राम कुणीतरी ओळ न् ओळ वाचल्याशिवाय तो बंद होऊ नये.

आमच्याकडे पहिल्याच पंधरवड्याला कपातीचा क्रम बदलला. जुन्या प्रोग्राममध्ये आधी सोसायटीच्या पीक कर्जाची वसुली, मग बेणं-खताची, मग बाकीची, असा क्रम होता. तो कागदावर कुठंच नव्हता. नव्या मंडळींनी कागद मागितले, ते आम्ही दिले. कोड, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ ओळी, कुणी मागितला नाही. सोसायटीचे पैसे मागं राहिले, काहींची कर्जं मुदतीत फिटली नाहीत आणि पंजाबराव देशमुख योजनेची व्याज सवलत हातची गेली. त्यात माझ्या चुलत्यांचं खातं होतं. त्यांना काय उत्तर द्यावं, मला सुचलं नाही.

साहेब, संगणकाच्या या जुन्या भाषा पैशाच्या हिशेबासाठीच घडल्या होत्या. आमचं बिल मुळात कोबोलमध्ये लिहिलेलं होतं, पुढं ते फॉक्सप्रोत आणलं. कोबोलचा पाया 1959 साली अमेरिकेत घातला गेला, तिथल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक भाषेवरून. तिच्यात प्रत्येक आकडा किती अंकी आणि दशांश चिन्ह कुठं, हे आधीच लिहून द्यावं लागतं आणि हिशेब दशमानात होतो. काट्यावर 12.345 टन भरले आणि दर 2,735 रुपये असला, तर रक्कम येते 33,763.575. 'राउंडेड' हा शब्द लिहिला तर कोबोल 58 पैसे धरतं, नाही लिहिला तर 57 वर सरळ कापतं. फॉक्सप्रोचं तसं नाही. तिथं गुणाकार आत बायनरीत, म्हणजे फक्त शून्य आणि एक या अंकांत, होतो आणि हा आकडा बायनरीत नेमका मावतच नाही. म्हणून आम्ही दर खेपेला स्वतः 'राउंड' लावायचो. खेपेला लावायचा की पंधरवड्याच्या एकूण टनेजला, हा संचालक मंडळाचा निर्णय होता, आणि तो त्या एका ओळीत राहिला होता.

आरपीजी ही आणखी एक जुनी भाषा मी त्याआधी पुण्यात एका कंपनीत एएस/400 या संगणकावर शिकलो. ती आयबीएमची भाषा, तीही 1959 चीच. सगळा रकान्यांचा खेळ. अक्षर एक रकाना सरकलं की अर्थ बदलायचा. पण पोटबेरजांत तिचा हात धरणारी दुसरी भाषा मी पाहिली नाही. शेतकरी, गाव, गट यांना एल1, एल2, एल3 अशा खुणा दिल्या की प्रत्येक पातळीची बेरीज कधी काढायची हे यंत्रच ओळखतं. शेवटची नोंद संपली की एलआर ही शेवटाची खूण लागते आणि सगळ्या पातळ्यांच्या बेरजा निघतात. कोबोल आणि फॉक्सप्रोत हे काम हातानं. मागच्या गावाचा कोड बाजूला धरून ठेवायचा, पुढचा आला की ताडून बघायचा, बदलला तर बेरीज छापायची. नवशिका शेवटच्या गावाची बेरीज हमखास विसरायचा, कारण त्याच्यापुढं दुसरं गाव येतच नाही. जुन्या प्रोग्रामच्या तळाशी छपाईची एक ओळ एकटीच दिसते ती यासाठी. ज्याला हे माहीत नाही तो ती फालतू समजून उडवतो.

जुना कोड वाचणं अवघड आहे, हे मान्य. 1985 साली ठरलेल्या प्रमाण आवृत्तीआधीच्या कोबोलमध्ये अट कुठं संपते हे एका पूर्णविरामावर ठरायचं. पण वाचता येणारी माणसं अजून आहेत. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांना बेरोजगार भत्त्यासाठी कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर हाक द्यावी लागली होती. आपल्यावर ती पाळी यायला नको.

साखर आयुक्तालयामार्फत एक परिपत्रक काढा. नव्या प्रणालीच्या करारात जुन्या प्रोग्राममधले नियम मराठीत उतरवून संचालक मंडळापुढं ठेवण्याची अट घाला. एक संपूर्ण हंगाम दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी चालवून बिलं ताडून पाहू द्या. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानं पैसे 14 दिवसांत द्यायचे असतात; चूक शोधायला तेवढ्यात सवड मिळत नाही. लातूर-नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं प्रकल्प म्हणून हे वाचन करू शकतील, शेजारी बसायला आमच्यासारखे निवृत्त लोक आहेत.

दिवाळीच्या आसपास गव्हाणीत मोळी पडेल. परिपत्रक त्याआधी निघावं. मराठवाड्यातल्या कुठल्याही कारखान्यात कोड वाचायला मी येईन, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त ईडीपी पर्यवेक्षक
जि. लातूर