‘टीम तीच आहे सर, फक्त शहर बदललंय’

दि. २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : माझ्या खात्यावरचा संघ मला न विचारता दोनदा बदलणे, वार्षिक वर्गणी परस्पर कापणे आणि तुम्ही पाठवलेले सर्वेक्षण

महोदय,

तुमचं अ‍ॅप कसं चालतं हे तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे ते सांगत बसत नाही. इंडियन सुपर लीगच्या फुटबॉल सामन्यांसाठी २०१७ पासून मी तुमचा ग्राहक आहे. बालेवाडीच्या सामन्यांची तिकिटं, दोन केशरी जर्सी आणि दरवर्षीची वर्गणी हे सगळं तुमच्याकडूनच घेतलं. खातं उघडताना ‘तुमचा संघ’ या रकान्यात मी एफसी पुणे सिटी निवडलं होतं. २०१९ मध्ये तो संघ हैदराबादला गेला आणि तिथे हैदराबाद आलं. गेल्या महिन्यात हैदराबादचा संघ दिल्लीला गेला आणि तिथे दिल्ली आलं. दोन्ही वेळा मी त्या रकान्याला बोटसुद्धा लावलेलं नाही. आणि दिल्ली आलं त्याच आठवड्यात माझ्या बँकेतून ९९९ रुपये गेले. कशासाठी, तर जुलैत जी लीग बेमुदत लांबणीवर टाकली आणि या मोसमात जिचा तोवर एकही सामना झालेला नव्हता, ती बघण्यासाठी.

तीन फोन केले. पहिल्या दोघांनी तक्रार क्रमांक देऊन ‘४८ तासांत’ असं सांगितलं, त्यांचं सोडून देतो. तिसरा फोन मात्र मी सोडणार नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी सव्वातीनला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, दाबलं. बावीस मिनिटं तीच एक धून ऐकली. मग हिंदी बोलणारा मुलगा आला, त्याला मराठी येत नव्हतं, त्याने फोन दुसरीकडे दिला. तिथे एक मराठी बोलणारी मुलगी होती. आवाजावरून वीस-बावीसची असेल. तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधी लिहून ठेवा. ती समोरच्या स्क्रीनवरचं वाचत होती, आणि ते लिहिणारे तुम्ही आहात.

मी म्हटलं, माझा संघ पुणे होता. तो परत लावा, नाहीतर रकाना रिकामा ठेवा.

ती म्हणाली, “टीम तीच आहे सर, फक्त नाव आणि शहर बदललंय.”

मी विचारलं, खेळाडू तेच आहेत का? नाही. प्रशिक्षक तोच आहे का? नाही. मालक? नाही. मैदान? नाही. जर्सीचा रंग? तिने बहुतेक कुठेतरी शोधलं, कारण थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “नाही सर.” मी म्हटलं, मग तीच म्हणजे काय? त्यावर ती म्हणाली, “सिस्टीममध्ये आयडी तोच आहे सर.”

मी गप्प झालो. ती समजली की माझं समाधान झालं, आणि पुढचं वाचायला लागली. “तुम्हाला जवळची टीम हवी असेल तर मुंबई सिलेक्ट करून देऊ का?” मी म्हटलं, नको. “मग गोवा?” मी म्हटलं, बाई, मला जवळची टीम नको, माझी टीम हवी. तेव्हा ती म्हणाली, “सर, पुणे आता ऑप्शनमध्ये नाहीये. दिल्लीच्या नवीन जर्सीवर मात्र तुमच्या खात्याला वीस टक्के सूट आहे.”

सहा वर्षं पुण्यात संघ नाही. ज्याचा संघ गेला त्याला, संघ ज्या शहरात गेला तिथून तो पुन्हा ज्या शहरात गेला, तिथली जर्सी स्वस्तात देऊ करताय. हे वाक्य लिहिताना तुमच्या ऑफिसात एकाच्याही मनात काही आलं नाही का?

शेवटी ती म्हणाली, तुमचं मत सर्वेक्षणात नोंदवा, ते लीगच्या लोकांपर्यंत जाणार आहे. ते सर्वेक्षण मी उघडलं होतं. ‘लीग आर्थिक अडचणीत आहे. तुमच्या मते काय करावे?’ उत्तरं दोनच. एक, संघांची संख्या कमी करावी. दोन, प्रतिसाद नसलेले संघ दुसऱ्या शहरात हलवावेत. तिसरा पर्याय नाही, मत लिहायला जागा नाही, आणि दोहोंपैकी एक निवडल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. मी दोन्ही निवडले नाहीत. माझं उत्तर इथे लिहितो. लीग तुम्ही चालवत नाही हे मला कळतं. पण प्रश्न तुम्ही विचारलात, उत्तर पोचवायचं तुम्ही कबूल केलंत, आणि माझे पैसे तुमच्याकडे आहेत.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल तालमींचं आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. पोरं पेठेतलीच. शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातल्या बायकासुद्धा निकाल विचारतात. तालमीकडे पैसे नसले तर वर्गणी निघते, कुणी बूट देतं, कुणी जेवण घालतं. एखादं वर्ष वाईट जातं, दोन वर्षं वाईट जातात. पण ‘ही तालीम तोट्यात आहे, हिला इचलकरंजीला हलवू’ असं कोल्हापुरात कुणी बोलून बघावं. संघ म्हणजे ती पेठच. पेठेतून उचलला की हातात नुसत्या जर्सी राहतात.

पुण्यात आलो तेव्हा वाटलं, इथेही तसं काही उभं राहील. २०१४ साली आठ संघांनिशी ही लीग सुरू झाली, त्यात पुणे पहिल्या दिवसापासून होतं. फ्रान्सचा त्रेझेगे इथे खेळून गेला. आय-लीग या देशातल्या जुन्या लीगमध्ये पुणे एफसी होतं, २०१२-१३ ला ते देशात दुसरं आलं होतं. भारत एफसी एक मोसम खेळलं. डीएसके शिवाजीयन्स होतं. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत या चारांपैकी एकही राहिलं नाही. एका शहरातून चार संघ गेले आणि दरवेळी कारण एकच ऐकलं, पुण्यात प्रेक्षक नाहीत.

७ मार्च २०१८ ला मी बालेवाडीत होतो. पुणे पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेलं होतं, समोर बेंगळुरू. मुलगा नऊ वर्षांचा. त्याला ती केशरी जर्सी गुडघ्यापर्यंत यायची. खुर्चीवर बसून पुढचं दिसेना म्हणून तो खुर्चीवर उभा राहिला, आणि मी त्याचे घोटे धरून पूर्ण नव्वद मिनिटं बसलो. मार्सेलिन्होकडे चेंडू आला की माझ्या हातात ते घोटे ताठ व्हायचे. मैदानावर काय चाललंय ते मला निम्मं त्या पायांवरून कळत होतं. सामना शून्य-शून्य सुटला. बाहेर पडताना त्याने विचारलं, “आपण जिंकलो का हरलो?” मी म्हटलं, अजून अर्धं राहिलंय, बेंगळुरूला. घसा बसलेला, रात्री साडेदहा वाजलेले, घरी जायला बस नाही. आम्ही बाणेर रोडपर्यंत चालत आलो आणि तिथे रिक्षा मिळाली. रविवारी घरी टीव्हीवर दुसरा सामना बघितला. त्यांच्या छेत्रीने तीन गोल केले, तीन-एकने हरलो. मुलगा जर्सी न काढताच झोपला.

ज्यांना प्रेक्षक नाहीत म्हणता, ते हे प्रेक्षक. स्टेडियम प्रत्येक सामन्याला भरायचं असं मी म्हणणार नाही, खोटं लिहिणार नाही. पण शहराच्या एका टोकाला मैदान, आठवड्याच्या मधल्या वारी रात्री आठला सामना, आणि सुटल्यावर परतायची सोय नाही. यातलं एक तरी कुणी बदलून बघितलं का? पाच मोसम खेळवलं आणि शहर नापास ठरवलं. पाच वर्षांत तालमीचा आखाडासुद्धा मुरत नाही.

बरं, हलवून काय साधलं? २० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याला हैदराबादने केरळला पेनल्टीवर हरवून करंडक जिंकला. गोलरक्षक कट्टीमणीने तीन पेनल्टी अडवल्या. त्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्याचा मला आनंदच झाला. पण त्याच रात्री तुमच्या अ‍ॅपने मला संदेश पाठवला, ‘अभिनंदन! तुमचा संघ विजेता!’ मुलाने तो वाचला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि फोन उलटा ठेवला. त्या संदेशाबद्दल मी तेव्हाही लिहिलं होतं, उत्तर आलेलं नाही.

हैदराबादच्या लोकांवर माझा राग नाही, त्यांचं तर आमच्यापेक्षा वाईट झालं. करंडक जिंकून दोन वर्षं झाली नाहीत तोवर खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले. २०२३-२४ ला २२ सामन्यांत एक विजय मिळाला. आणि आता तो संघ दिल्लीला. त्याच दिल्लीला, जिचा संघ २०१९ मध्ये उचलून भुवनेश्वरला नेला होता. पुण्याचं हैदराबादला, दिल्लीचं भुवनेश्वरला, हैदराबादचं दिल्लीला. जागा बदलून रोग बरा होत असता तर एव्हाना झाला असता. रोग मालकाच्या तिजोरीत असतो आणि शिक्षा शहराला मिळते.

संख्या कमी करा म्हणणाऱ्यांचं मी एकवेळ ऐकून घेईन, कारण त्यात निदान फसवणूक नाही. मुंबईचं महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झालं, पंजाबचं जेसीटी २०११ मध्ये. वाईट झालं. पण ते आपल्या नावाने जगले आणि आपल्याच नावाने संपले. २००५-०६ चं राष्ट्रीय विजेतेपद आजही महिंद्राचंच आहे, दुसऱ्या शहरातल्या कुणाच्या आयडीला ते चिकटवलेलं नाही. तरी एवढ्या मोठ्या देशात तेरा-चौदा संघ जास्त झाले हे मला पटत नाही. गोव्यात २०१६ ला डेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग यांनी आय-लीग सोडली, ती त्यांना फुटबॉल नको होतं म्हणून नव्हे. वरच्या लीगचं दार पैसे भरणाऱ्यांनाच उघडणार, मैदानावर कितीही जिंकलं तरी नाही, हे दिसलं म्हणून सोडली.

तुमच्या सर्वेक्षणात जो पर्याय नाही तो साधा आहे. हरणारा संघ खाली जावा, खालचा जिंकणारा वर यावा, आणि दोघांनीही आपापल्या गावातच राहावं. जगात बहुतेक ठिकाणी हेच चालतं. २०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाने आखून दिलेल्या योजनेतही २०२४-२५ पासून बढती-उतरती पूर्ण लागू करावी असं होतं. वर येण्याचं दार आता कुठे किलकिलं झालंय, खाली जायचं मात्र २०२४-२५ पर्यंत बंदच होतं. ते उघडं असतं तर पगार देऊ न शकलेलं हैदराबाद खालच्या लीगमध्ये गेलं असतं, पण हैदराबादेतच राहिलं असतं. पुणेही तसंच राहिलं असतं. खालच्या लीगमध्ये का होईना, दुपारच्या उन्हात का होईना, मी मुलाला घेऊन गेलो असतो. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ २००३ मध्ये मिल्टन कीन्सला नेला, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी आधीच, २००२ मध्ये, स्वतःचा क्लब काढून अगदी तळापासून सुरुवात केली होती. २०११ ला तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला, २०२० ला आपल्या जुन्या भागात परतला. ते करू शकले कारण वर जायला शिडी होती. आम्ही पुण्यात उद्या वर्गणी काढून क्लब उभा केला, तर आमच्या शिडीच्या पायऱ्या शेवटपर्यंत जातील याची हमी कोण देणार?

मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. रात्री जागून इंग्लंडमधले सामने बघतो, तिथल्या तिसऱ्या गोलरक्षकाचं नाव त्याला पाठ आहे. इथल्या लीगचं नाव काढलं तर म्हणतो, “बाबा, आपली टीम यंदा कुठल्या गावात आहे?” मला याचं उत्तर देता येत नाही. तुमच्याकडेही नाही, कारण तुमच्याकडे फक्त आयडी आहे.

आता माझं म्हणणं. ९९९ रुपये परत करा. आपोआप वर्गणी कापणं बंद करा. माझ्या खात्यातून दिल्ली काढा. पुणे लावता येत नसेल तर रकाना रिकामा राहू दे, पण त्यात दुसरं कुणी घालू नका. हे मी तीनही फोनवर सांगितलं आहे आणि पुन्हा सांगतो, माझा संघ मी निवडला होता, तो बदलायचा अधिकार तुम्हाला मी दिलेला नाही. सर्वेक्षणात तिसरा पर्याय घाला आणि मग ते सगळ्यांना पुन्हा पाठवा. दोनच पर्यायांवर घेतलेली मतं ‘प्रेक्षकांची इच्छा’ म्हणून पुढे गेलेली मला चालणार नाहीत. आणि त्या मुलीच्या स्क्रीनवरचं ‘टीम तीच आहे’ हे वाक्य काढून टाका. भुवनेश्वरहून, दिल्लीहून, हैदराबादहून फोन करणाऱ्यांनाही ते ऐकवलं जात असणार.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवीन आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. रक्कम लहान आहे हे मला माहीत आहे. तरी जाईन. तिन्ही तक्रार क्रमांक, बँकेचा उतारा आणि २०२२ च्या त्या अभिनंदनाच्या संदेशाचा फोटो सोबत जोडला आहे.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

आपला ग्राहक,
औंध, पुणे